ज्याचा डहाळा त्यानं तोडायचा

नौबादच्या आमच्या दोन खोल्यांत सुगी येते ती नवऱ्याच्या शर्टातून. आठवडाभर तो जवळच्या कोळारच्या एका गोदामात खोकी उचलतो आणि रविवारी ठाणाकुशनूरला शेतावर जाऊन मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हातभार लावून येतो. परतला की कॉलरमध्ये जोंधळ्याचं भूस आणि बाह्यांत करडईचे काटे. शर्ट धुताना माझी बोटं टोचून निघतात. मी तोंडानं कुरकुर करते, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी बादलीत पाणी जरा हळूच ओतते. भिजलेल्या भुसाचा वास नाकात गेला की मला माहेरचा माळ दिसायला लागतो. तांबडी मुरमाड जमीन, मधोमध एकच थोरला कडू लिंब, आणि त्याच्या सावलीत उतरवून ठेवलेले वीस-बावीस ढोल.

माघ सरत आला की आमच्या माळावर पाच गावचे ढोल जमतात. लिंबाच्या बुडाशी देवाचं ठाणं आहे, नवससायास असतात, पण लोक मुख्य येतात ते ऐकायला. दिवस कासराभर वर आला की सुरू आणि मावळायच्या आत बंद. अंधारात ढोल वाजवायचा नाही, मेंढरं बुजतात. आता पाची गावांत मिळून मेंढरांचा एक धड कळप उरलेला नाही. कुणी शेती करतं, कुणी रोजानं जातं, कुणी माझ्या नवऱ्यासारखं गोदामात. तरी दिवस कलला की ढोल गळ्यातून उतरतात. कामून म्हणून विचारलं की म्हातारी माणसं सांगतात, "मेंढरं यायची येळ झाली." कुठली मेंढरं, हे विचारायचं नसतं.

हे ढोल लहानसहान नव्हेत. गळ्यात अडकवला की बारीक अंगाचा माणूस त्यामागं दिसेनासा होतो, नुसते पाय दिसतात. असे वीस ढोल एका रिंगणात उभे राहतात, म्होरक्या टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, वर उचलतो, आणि पहिला ठोका पडतो. तो आधी तळपायाला कळतो, मग कानाला. शेजारच्या तुरीच्या धसकटातून पाखरं भर्रकन उठतात. मधल्या उसंतीत एक जण ओवी उचलतो, कानावर हात ठेवून, इतक्या वरच्या आवाजात की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. मी चाळिशीला आले, चार ठिकाणचं गाणंबजावणं ऐकलं, लग्नांतले डीजेही सोसले. पण त्या ठोक्यानं माझ्या अंगावर येतो तसा काटा दुसऱ्या कशानं आला नाही.

पण मला ढोलांबद्दल लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते ढोल ऐकायला बसलेल्या बिडीवाल्यांबद्दल आणि शिंदी प्यालेल्यांबद्दल. हसणाऱ्यानं खुशाल हसावं. जगात माणसानं कसं वागावं याचं जे काही मला ठाऊक आहे, त्यातलं निम्मं मी या दोन जातीच्या लोकांकडून शिकले.

आधी बिडीवाले. त्यांची बसायची जागा ठरलेली नव्हती, वाऱ्यावर होती. म्हाळप्पाकाका नावाचे एक वाळकुडे गृहस्थ होते, त्यांच्याकडे वारा बघायचं काम. सकाळी माळावर आले की ते खिशातून मूठभर भूस काढत आणि डोक्यावर उधळत. सुगीच्या दिवसांत भूस कुणाच्या खिशात नसतं म्हणा. ते ज्या बाजूला उडेल त्या बाजूला एक मोठी काळी घोंगडी पसरायची आणि बिडीवाल्यांनी तिच्यावर बसायचं. खळ्यावर उपणताना धान्य एकीकडे पडतं आणि भुसकट दुसरीकडे उडतं, तसलाच हा हिशेब. ओवी म्हणणारा छाती भरून श्वास घेतो, त्याच्या गळ्यात कुणाचा धूर जाता कामा नये, एवढंच कारण.

खरी गंमत दुपारी. माघातला वारा दुपारी फिरतो. म्हाळप्पाकाका पुन्हा मूठ उधळायचे, मान हलवायचे आणि हळूच म्हणायचे, "उठा रं, वारा फिरलाय." की झाली वरात सुरू. घरात ज्यांना पाण्याचा तांब्या बसल्या जागी हातात लागतो, असले वीस-पंचवीस रागीट म्हातारे आणि बापे, एका शब्दानं उठायचे. चौघं घोंगडीची चार टोकं धरायचे. पेटलेली बिडी ओंजळीत झाकून, ओळीनं, गाणाऱ्याच्या मागून वळसा घालून ते पलीकडे जाऊन बसायचे. ढोल चालूच. मी कितीदा पाहिलं, एकानंही कधी "आता कुठं बसलोय" असं म्हटलं नाही.

त्या घोंगडीचे नियम तिथं बसणाऱ्यांना आईच्या दुधाबरोबर मिळाले असावेत. काडीपेटी एकाकडेच. थोटूक मातीत टाकायचं नाही, मधे पाण्याचं गाडगं ठेवलेलं, त्यात बुडवायचं, कारण माळाच्या कडेनं कडब्याच्या गंजी रचलेल्या असत. देवाचं नाव ओवीत आलं की बिडी खाली. आणि सगळ्यांत मला आवडायचा तो बापलेकांचा नियम. बापासमोर बिडी ओढायची नाही, हे तर आलंच. पण बापही ओढतो आणि तीस वर्षांचा लेकही ओढतो, आणि घोंगडी एकच. मग काय करायचं, तर पाठीला पाठ लावून बसायचं. दोघांनाही माहीत, सगळ्या माळाला माहीत, पण एकमेकांना दिसत नाही म्हणजे मान राहिला. अशा तीन-चार जोड्या दरवर्षी असायच्या. बायकांच्या मशेरीला मात्र कुठलाच नियम नव्हता. आम्हाला कोण सांगणार.

शिंदीचा नियम याहून अवघड होता.

ज्यानं घेतली असेल त्यानं माळावर यायला बंदी नव्हती. त्याला हाकलायचं नाही, हसायचं नाही, त्याला पाणी-भाकरी सगळ्यांसारखीच. फक्त त्यानं ढोलाला हात लावायचा नाही आणि रिंगणात उतरायचं नाही. आणि आल्या आल्या थोरल्या लिंबाचा एक डहाळा स्वतःच्या हातानं तोडून, तो धरून, घोंगडीच्याही पलीकडे बसायचं. कुणी कुणाला 'घेतलीस का' म्हणून विचारायचं नाही. कुणाच्या तोंडाचा वास घ्यायचा नाही. कुणाच्या हातात डहाळा द्यायचा नाही आणि कुणाच्या हातातला काढूनही घ्यायचा नाही. ज्याचा डहाळा त्यानं तोडायचा.

लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. दरसाल सात-आठ माणसं हिरवे डहाळे धरून बसलेली असायची, जत्रेत फुगे दिसावेत तशी ती दिसायची. मोठी झाले तेव्हा त्यातली ताकद कळली. आमचं गाव काही साधुसंतांचं नाही. बांध कोरण्यावरून इथं डोकी फुटलेली आहेत. कोंबडी कुणाची यावर लोक देवाच्या शपथा खोट्या घेतात. आणि तीच माणसं एका झाडाखाली आली की, कुणी न विचारता, पाच गावांच्या देखत हात वर करून डहाळा तोडतात. मला अजूनही हे पुरतं उमजत नाही.

तर ती सुगी. सतरा वर्षं झाली. माझं लग्न जमत होतं. ठाणाकुशनूरचं स्थळ, घर चांगलं, मुलगा कामाला. मुलाचे वडील बिराप्पा त्यांच्या गावच्या ढोलांचे म्होरके. आमच्या गावचे म्होरके माझे अप्पा, म्हणजे वडील. दोघं एकमेकांना नावानं ओळखत, पण सोयरिकीचं बोलणं मध्यस्थामार्फत चाललेलं. मध्यस्थानं सुचवलं की मुलाकडच्यांनी माळावर यावं, पोरगी बघावी, घरदार बघावं, आणि सगळं मनासारखं झालं तर तिथंच सुपारी फोडावी. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मला हिरवी इरकल नेसवली होती. मी बायकांच्या घोळक्यात मान खाली घालून बसले होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं बघत होते.

अप्पा त्या दिवशी पहाटेच राज्याच्या हद्दीपलीकडं गेले होते. तिकडं त्यांचा एक तेलुगू दोस्त ढोलाची कातडी ताणून द्यायचा. ढोल घेऊन ते परत आले तेव्हा रिंगण जमत आलं होतं. त्यांनी ढोल खाली ठेवला. घाम पुसला. मग ते सरळ चालत थोरल्या लिंबाकडं गेले, हात वर केला आणि कडकन एक डहाळा मोडला.

तो मोडल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी आजवर सांगत आले. खरं तर इतक्या गर्दीत तो ऐकू येणं शक्य नाही. पण मला ऐकू आला. अप्पा डहाळा घेऊन घोंगडीच्या पलीकडं जाऊन बसले. अप्पांना कुणी प्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि आज, लेकीला बघायला पाहुणे समोर बसलेले असताना. मला तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मला वाटलं, संपलं, मोडलं माझं लग्न.

अव्वा पदर खोचून त्यांच्याकडं गेली. मीही मागोमाग.

"काय केलाव ओ हे?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"दोस्तानं नीरा दिली. गिलासभर पिलो."

"नीरा न्हवं? मग डहाळा कामून?"

"दिवस उगवून गेल्ता. मडक्याला आतून चुना लावल्ता का न्हाई, ते इचारायचं राह्यलं."

चुना लावलेल्या मडक्यात नीरा गोड राहते. चुना नसला तर ऊन चढेल तशी ती आंबते आणि तिची शिंदी होते, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक असतं. अप्पा तेवढं विचारायला विसरले होते.

"पर तुमाला चढली न्हाई न्हवं?" अव्वा रडकुंडीला आली. "पाव्हणे बघायलेत. टाका तो डहाळा."

"चढली न्हाई," अप्पा म्हणाले. "पर आसं मीच म्हणायलोय. चढलेला माणूसबी हेच म्हणतंय."

आता हे आठवलं की मला हसू येतं. तेव्हा मी त्यांच्याकडं रागानं बघत होते. चिमूटभर चुन्यासाठी हा माणूस माझं लग्न घालवतोय, असं मला वाटत होतं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी डहाळा मांडीवर आडवा ठेवला आणि समोरच्या रिकाम्या जागेकडं, जिथं त्यांनी उभं राहायचं होतं तिकडं, बघत बसले.

म्होरक्याशिवाय रिंगण चालत नाही. पाची गावच्या मंडळींनी ठाणाकुशनूरच्या बिराप्पांना पुढं केलं. ते आधी नको म्हणाले, मग उठले, आणि अप्पांचाच नवा ताणलेला ढोल त्यांच्या गळ्यात घातला गेला. त्या दिवशी ते असे वाजवत होते की लोकांनी उधळलेल्या भंडाऱ्यानं त्यांचे खांदे पिवळेधमक झाले. मला तेही सहन होत नव्हतं. दिवस कलला, ढोल उतरले, पाहुणे सुपारी न फोडताच निघाले. जाताना मात्र बिराप्पा घोंगडीच्या पलीकडं अप्पांपाशी गेले आणि दोघं थोडा वेळ बोलले, एवढं मी पाहिलं.

आठ दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे. अव्वानं देवापुढं साखर ठेवली. वैशाखात माझं लग्न झालं. अप्पांच्या त्या डहाळ्यापायी काहीच कसं बिघडलं नाही, याचं मला नवल वाटायचं, पण सुखाला कोण कारण विचारतं.

मला धक्का बसला तो पुढच्या साली. लग्नानंतर पहिल्यांदाच सासरच्या मंडळींबरोबर माळावर आले. गाडीतून उतरलो. मामा, माझे सासरे, ठाणाकुशनूरचे नामांकित म्होरके, सरळ लिंबाकडं गेले आणि डहाळा तोडून पलीकडं जाऊन बसले. त्याच्या पुढच्या साली तेच. त्याच्याही पुढं तेच. ते ढोलाला हात लावेनात. गावचा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात गेला. मामा दिवसभर बसायचे, बोटांनी मांडीवर ताल धरायचे, आणि संध्याकाळी डहाळा घरी आणायचे. सासूबाई त्याचा पाला जोंधळ्याच्या कोठीत घालायच्या, कीड लागू नये म्हणून. सासूबाई गेल्या, मग मी घालू लागले. वर्षानुवर्षं आमच्या कोठीत माझ्या सासऱ्याच्या बदनामीचा पाला असायचा.

बदनामीच म्हणायची. माहेरच्या बायका मला बाजूला घेऊन विचारायच्या, "कला, तुझा सासरा आजून घेतंय व्हय?" आणि इथं मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी वास घेतला. कुणाच्या तोंडाचा वास घ्यायचा नाही हे मला ठाऊक होतं, तरी मामांना ताट वाढताना, पाणी देताना, औषध देताना मी वाकून वास घेत आले. सतरा वर्षं. एकदाही, सुगीत नाही, सणाला नाही, त्यांच्या तोंडाला तंबाखूशिवाय दुसरा वास आला नाही. म्हणजे हा माणूस पीत नव्हता. मग डहाळा कशाचा?

यंदा मी विचारलंच. माळाच्या दोन दिवस आधी आम्ही शेतावर होतो. मामा खळ्यावर बसून सुपानं जोंधळा पाखडत होते. गुडघ्यांमुळं आता त्यांना दुसरं काम होत नाही. मी भाकरी घेऊन गेले होते.

"मामा," मी म्हणाले, "यंदा तरी डहाळा घेऊ नका. तुमी पीत न्हाईत. मला ठाऊक हाय."

त्यांनी सूप थांबवलं. "तुला कसं ठाऊक?"

मी मान खाली घातली. त्यांना कळलं असावं. सुपातले खडे त्यांनी एकेक करून बाजूला काढले.

"तुला बघायला आल्तो न्हवं, त्या दिशी मी पिलेलो व्हतो, कला," ते म्हणाले. "वाटंत सोयऱ्याच्या घरी. दोन गिलास शिंदी. चांगली कडक."

भाकरीचं गाठोडं बाजूला ठेवून मी खाली बसले.

"पोरगी मागायला आलेला माणूस हातात डहाळा घिऊन कसा बसंल, आसं वाटलं. म्हणून तसाच आत बसलो. मग तुझे अप्पा आले अन् त्यायनं डहाळा मोडला. पोरगी देनारा माणूस. अन् लोकायनं त्येंचाच ढोल माझ्या गळ्यात घातला. मी वाजवला. सांजच्याला मी त्यायला इचारलं, पाव्हणं, तुमी कवा घेतलाव? तर म्हणले, मडक्याला चुना व्हता का न्हाई, म्हाईत न्हाई."

खळ्यावर वारा नव्हता. सुपातून काढलेलं भूस तिथंच पायाशी पडून होतं.

"घरी गेलो अन् म्हणलं, त्या घरची पोरगी आपल्या घरात पायजे," मामा म्हणाले. "अन् त्या दिशीचा डहाळा माझ्याकडं राह्यला व्हता, तो धरायलोय. दुसरं काय."

"पर एका दिवसाचा डहाळा एकच की, मामा. दरसाल कामून?"

"त्येला माप न्हाई," ते म्हणाले आणि पुन्हा सूप हलवायला लागले.

मी घरी आले ती थेट अप्पांना फोन लावून बसले. सांगू नको असं मामांनी म्हटलेलं नव्हतं, पण सांग असंही म्हटलेलं नव्हतं. मला राहवेना. एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन चहा कसा करायचा. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिशी तिसऱ्या फेरीत त्येचा डावा हात मागं राह्यला. बिराप्पाचा हात मागं राहात न्हाई. मी समोरच बसल्तो की."

"अन् तरी मला त्या घरात दिलाव?"

"सांजच्याला मला इचारायला आला न्हवं, तवा त्येचं तोंड बघितलं. चुन्याचं सांगितलं तसं ते तोंड उतरलं, ते काय सांगू. म्हणलं, ज्येला हितकी लाज वाटती, त्येच्या घरात पोरगी सुखात राहील. राह्यलीस न्हवं?"

मी राहिले. दोन म्हातारे. एकानं सालोसाल डहाळा धरला, आणि दुसऱ्यानं सतरा वर्षं, समोर बसून, सगळं माहीत असून, ब्र काढला नाही. सणावाराला ताटाला ताट लावून जेवले. बारशाला, वास्तुशांतीला शेजारी बसले. मी या दोघांच्या मधे इतकी वर्षं वावरले आणि मला वाटत होतं की घरात सगळ्यांत शहाणी मीच.

"मग बोलला का न्हाईत कदी?" मी शेवटी विचारलं.

"मी कामून बोलू? डहाळा त्येचा हाय," अप्पा म्हणाले. मग म्हणाले, "पर आता त्यानं तोंड उगडलं म्हणायलीस. बघू."

यंदाचा माळ. खूप बदललंय तसं. म्हाळप्पाकाका गेले, त्यांची सून वारा बघते. तिच्या हातात मोबाईल असतो, त्यात वारा कुठला ते दाखवतात म्हणे. यंदा मोबाईल म्हणाला पूर्वेचा. तिनं खात्री म्हणून मूठभर भूस उधळलं, तर ते तिच्याच तोंडावर आलं. मोबाईल पिशवीत गेला आणि घोंगडी भुसाच्या सांगण्यावरून पडली. कर्णा आलाय. माळाच्या कडेला मोटारसायकलींची रांग असते. कारखान्यांतून कामाला असलेली पोरं थंड पेयाच्या बाटलीत काय काय मिसळून आणतात. तसला एक जण हेल्मेट न काढताच आला, लिंबाखाली गाडी लावली, डहाळा मोडला आणि पलीकडं जाऊन एका हातात डहाळा नि एका हातात फोन घेऊन बसला. त्याला हे कुणी शिकवलं असेल, मी बघतच राहिले. बापलेकांच्या पाठीला पाठ लावलेल्या दोन जोड्या यंदाही होत्या.

मामांना आम्ही धरून उतरवलं. ते लंगडत लिंबाकडं गेले. त्यांचा हात आता वरच्या फांदीला पुरत नाही. मी शेजारी उभी होते, मला सहज पुरत होता. पण मी हात वर केला नाही. ते टाचा उंचावून, खोडाला धरून, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा एक लहानसा डहाळा मोडू शकले. मग घोंगडीच्या पलीकडं, त्या हेल्मेटवाल्याच्या शेजारी जाऊन बसले.

अप्पा रिंगणात होते. आता ते म्होरके नाहीत, वयामुळं एक फेरी वाजवतात आणि बसतात. त्यांनी त्यांची फेरी पुरी केली. ढोल गळ्यातून काढला. तो जमिनीवर ठेवायच्या ऐवजी दोन्ही हातांनी उचलून ते चालू लागले. रिंगणातून बाहेर, बायकांच्या बाजूनं, घोंगडीला वळसा घालून, पलीकडं. ढोल डहाळेवाल्यांच्या बाजूला कधीच जात नाही. माळावरची माणसं मान वळवून बघायला लागली. अप्पांनी ढोल मामांच्या पुढ्यात, हात पोचेल एवढ्या अंतरावर, ठेवला. टिपरू त्यावर आडवं ठेवलं. त्यांनी डहाळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मामांच्या शेजारी, जमिनीवर, मांडी घालून बसले.

दुसऱ्या गावची फेरी सुरू झाली. मी अव्वाच्या शेजारी बसून माझ्या पदराचं टोक पिळत होते. मामा ढोलाकडं बघत होते. मग माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं हे त्यांना कळलं असणार, आणि मी मान खाली घातली नाही. ती फेरी संपली. त्यानंतरची एक ओवी संपली. दुपार झाली, म्हाळप्पाकाकांच्या सुनेनं मूठ उधळली आणि "उठा, वारा फिरला" म्हणाली. बिडीवाले घोंगडी उचलून निघाले, ओंजळीत बिड्या झाकून, त्या दोघांच्या समोरून. ते सगळे जाऊन पलीकडं बसले, मधली जागा मोकळी झाली, तेव्हा मामांनी डहाळा खाली ठेवला. टाकला नाही. जसा झोपलेलं लेकरू खाली ठेवतात तसा, हलक्या हातानं ठेवला.

"इवाई," ते अप्पांना, आपल्या व्याह्यांना, म्हणाले, "उठवा मला."

अप्पांनी त्यांना उठवलं आणि ढोल त्यांच्या गळ्यात अडकवला. मामा रिंगणात गेले तेव्हा कुणी भंडारा उधळला नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांनी फक्त वाट दिली. त्यांनी टिपरू उचललं. पहिला ठोका पडला, आणि तो माझ्या तळपायातून वर आला. तिसऱ्या फेरीत डावा हात मागं राहिला. आमच्या शेजारी येऊन उभे राहिलेल्या अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि ते गालातल्या गालात हसले.

"ह्या खेपंला वय हाय," ते माझ्या कानाशी म्हणाले.

मी मात्र रडत होते, भर माळावर, सगळ्या माहेरासमोर. अव्वानं मला गप्प केलं नाही, तिचंही तेच चाललेलं. वीस ढोलांच्या त्या आवाजात रडणं कुणाला ऐकू जात नाही, ही एक सोय आहे. दिवस कलला, कुठल्या तरी न आलेल्या मेंढरांसाठी ढोल उतरले. मामांनी आपला ढोल स्वतः पुसला आणि अप्पांना दिला. डहाळा होता तिथंच पडून राहिला. गाडीत बसताना मी एकदा मागं वळून बघितलं, एक शेळी तो खात होती.

परवा ठाणाकुशनूरला जोंधळा कोठीत भरला. सवयीनं मी खुंटीकडं हात नेला, जिथं मामा माळावरचा डहाळा आणून अडकवतात. खुंटी रिकामी होती. मग मी परसात गेले आणि कोठीत घालायला लिंबाचा पाला घरामागच्या झाडाचा तोडून आणला.